सेल संपल्यावर काय उरतं?

आपल्याकडे वस्तू 'टिकाऊ' आहे की नाही हे ठरवायची एकच पद्धत आहे. वस्तू हातात घ्यायची, दोनदा खालीवर करून वजन बघायचं आणि मान डोलवायची. पातेल्याला हीच, कुकरला हीच, सायकलला हीच. पातेल्याच्या बाबतीत ती बरोबरही आहे. पण चांगली शिकलेली, पगारदार मंडळी जुना कॅमेरा घेताना जेव्हा हेच करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. "काय जड आहे रे! तेव्हाच्या वस्तूच वेगळ्या..." संपलं. खरेदी झाली.

तर विषय आहे फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा, त्यातही ऑटो एक्स्पोजरवाला. गेल्या वर्षभरात ऑफिसातल्या चार जणांनी मला "कुठला घेऊ?" असं विचारलं. चौघांनी माझं ऐकून घेतलं आणि चौघांनीही वजन बघून कॅमेरा घेतला. पाचव्यासाठी हे लिहून ठेवतोय.

(मोबाइल असताना फिल्म कशाला, ह्या वादात मी आज पडणार नाही. खूळ आहे. मान्य. पुढे चला.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रेंजफाइंडरमध्ये आरसा वरखाली होत नाही. समोर दोन खिडक्या असतात, त्यांच्यातून येणारी दोन चित्रं व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एकावर एक दिसतात आणि फोकसची रिंग फिरवून ती जुळवायची. जुळली की फोकस झाला. आरसा नाही म्हणून आवाज कमी, आकार लहान, आणि क्लिकच्या क्षणी डोळ्यापुढे अंधार येत नाही. माणसांचे फोटो काढायला ह्यापेक्षा सोयीचं यंत्र मला माहीत नाही.

आता पहिलं भांडण. 'खरा' फोटोग्राफर ऑटो वापरत नाही असं मानणारा एक पंथ आहे. लख्ख उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या स्पीडइतकं शटर, हा मंत्र पाठ असला की मीटर हवं कशाला, असं ते म्हणतात. मंत्र खरा आहे, पण उन्हापुरता. तुळशीबागेतून चालताना दोन पावलं ऊन, मग चार पावलं ताडपत्री, मग एखाद्या दुकानातली भगभगीत ट्यूबलाइट. मंत्र म्हणेपर्यंत समोरच्या बाईंचं घासाघीस करून झालेलं असतं आणि त्या रिक्षात बसलेल्या असतात. ज्या कॅमेऱ्याचा सगळा मोठेपणा चटकन फोटो काढण्यात आहे, त्यावर हिशेब करत उभं राहणं म्हणजे शताब्दीचं तिकीट काढून प्लॅटफॉर्मवरून चालत जाण्यासारखं आहे. ऑटो हवंच.

पण ऑटो म्हणजे वीज आली, वीज म्हणजे सेल आला, आणि हे कॅमेरे बहुतेक सगळे वीस ते पंचावन्न वर्षांचे. तेव्हा 'हा मोडणार नाही ना?' हा प्रश्नच निरर्थक आहे. मोडणारच. विचारायचं ते हे की मोडला तर मला कळेल का, आणि कळल्यावर हातात काय उरेल.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी बिघडतो. एक बोंब मारून मरतो. रात्री दोनला फोन येतो, शिव्या घालत उठावं लागतं, पण सकाळपर्यंत निस्तरलेलं असतं. दुसरा मरतच नाही. तो गोड चेहऱ्यानं चुकीचे आकडे लिहीत राहतो आणि महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा लक्षात येतं. चार वर्षं नोकरी केलेला कुणीही सांगेल की पहिला परवडला. फिल्मच्या कॅमेऱ्यात तर हे दसपट खरं आहे, कारण निकाल लागतो रोल धुऊन आल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी. तोवर प्रसंग होऊन गेलेला असतो.

माझ्या एका सहकाऱ्याच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पठ्ठ्यानं हौसेनं दोन रोल काढले. बहात्तर फ्रेम. कॅमेऱ्याचं नाव मुद्दाम घेत नाही. शटर दर वेळी छान 'टिच्' वाजत होतं, फिल्म सरकत होती, आकडा पुढे जात होता. धुऊन आले ते जवळजवळ कोरे. ऑटो सर्किट कधीतरी आधीच गेलेलं, आणि कॅमेरा ते न सांगता टिच् टिच् करत राहिला. मोबाइलवर बाकीच्यांनी काढलेले शेकडो फोटो आहेत, नाही असं नाही. पण ताटाभोवती निरांजनं लावलेली असताना आजी धाकट्या सुनेच्या कानात काहीतरी बोलून खुदकन हसल्या, तो एक त्यानं बरोबर टिपला होता, असं तो अजून सांगतो. आजी ठणठणीत आहेत. पण सहस्रचंद्रदर्शन दुसऱ्यांदा होत नाही.

आता ह्या कसोटीवर दोन प्रसिद्ध कॅमेरे लावून बघू. दोन्ही जपानी, दोन्ही एकाच काळातले, दोन्हींची लेन्स एफ १.७, दोन्ही हाताला मस्त जड. वजनवाल्यांच्या लेखी दोघांत काही फरक नाही.

पहिला याशिका इलेक्ट्रो ३५. १९६६ साली आला, १९७३ च्या जीएसएन मॉडेलपर्यंत सुधारत गेला, आणि अजूनही कुणाच्या ना कुणाच्या काकांच्या कपाटात सापडतो. ह्यात अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. कसा? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जे सर्किट सगळ्यांनी घोकलं तेच : रेझिस्टन्समधून कपॅसिटर भरत जातो. रेझिस्टन्सच्या जागी प्रकाशाप्रमाणे बदलणारी कॅडमियम सल्फाइडची चकती. उजेड जास्त तर रेझिस्टन्स कमी, कपॅसिटर लवकर भरतो, शटर धरून ठेवणारा इलेक्ट्रोमॅग्नेट लवकर सोडतो. अंधारात तेच ३० सेकंदांपर्यंत लांबतं. फार सुंदर कल्पना आहे, मी मनापासून सांगतोय. १९६६ मध्ये ही गोष्ट सामान्य माणसाच्या गळ्यात अडकवणाऱ्यांना माझा दंडवत.

पण सेल मेला की? शटर तरीही वाजतं. वेग मात्र कायम १/५००. घरात, देवळात, हॉलमध्ये १/५०० म्हणजे कोरी फिल्म. शटरचा वेग हातानं लावायची सोयच नाही. दिवा लावून सेल तपासायचं बटण आहे, पण ते दाबायची आठवण तुम्ही ठेवायची. त्यात आणखी एक गंमत : फिल्म ओढायच्या यंत्रणेत रबराचा एक इवलासा तुकडा आहे. पन्नास वर्षांत त्याचा लगदा होतो, आणि मग एक्स्पोजर बेभरवशाचं होतं. खूण एवढीच की फिल्म ओढताना येणारा 'टक्' आवाज बंद होतो. म्हणजे बिघाड झाल्याची खबर आवाज येण्यातून नाही, तर न येण्यातून मिळते! आमच्याकडे कुणी असं डिझाइन रिव्ह्यूला आणलं असतं तर त्याला खोलीबाहेर काढला असता.

दुसरा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, १९७२ चा. इथे उलटं. शटरचा वेग तुम्ही लावायचा, अ‍ॅपर्चर कॅमेरा निवडतो. वीज फक्त एकच काम करते, मीटरचा काटा हलवणं. बाकी सगळं लोखंड आणि स्प्रिंग. बटण अर्धं दाबलं की एक पट्टी येऊन काट्याला जिथल्या तिथे चिमटीत पकडते, आणि काटा जिथे सापडला त्यावरून अ‍ॅपर्चर किती उघडायचं हे ठरतं. शटर लेन्समधल्याच पाकळ्यांचं, घड्याळासारखं दातेरी चाकांवर चालणारं, १/४ ते १/५००. त्याचा सेलशी काडीचा संबंध नाही.

सेल मेला तर? काटा उठतच नाही. काटा मर्यादेबाहेर असला की ऑटोवर कॅमेरा बटणच दाबू देत नाही. अडून बसतो. नवीन माणूस वैतागतो, "अरे हा अडकला!" अडकला नाही बाबा, तो तुझा रोल वाचवतोय. मग ऑटोवरून रिंग काढून अ‍ॅपर्चर हातानं लावायचं (मीटर नाही, तेव्हा आता पंथवाल्यांचा मंत्र कामाला येतो) आणि शटरचे सगळे वेग जसेच्या तसे हजर. कॅमेऱ्याचं ऑटो मेलं, कॅमेरा नाही मेला.

ह्याच घडणीचा धाकटा भाऊ म्हणजे ऑलिम्पस ३५ आरसी, १९७० चा. लेन्स एफ २.८ म्हणजे अंधारात कॅनोनेटच्या मागे, वेगही १/१५ च्या खाली जात नाही, पण हा जॅकेटच्या खिशात बसतो आणि सेलशिवाय हातानं चालतो. माझ्याकडे हा आहे. वजनवाले हातात घेऊन "अगदीच हलका आहे रे" म्हणून परत देतात, आणि मला ते बरंच वाटतं.

ह्या दोघांचा एक खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले. ते सेल अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं बंद झाले आणि पुढे २०१३ च्या मिनामाता करारानं जगभरातून गेले. योग्यच झालं, पाऱ्याबद्दल मला काही प्रेम नाही. लोक मग त्या मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालतात, मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, आणि निगेटिव्ह पातळ येतात. उपाय कानाच्या यंत्राच्या दुकानात मिळतो : ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, सुमारे १.४ व्होल्ट आणि शेवटपर्यंत तेवढाच. बाजूनं एक वॉशर घातलं की घट्ट बसतो. मागचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन महिन्यांत संपतो, पण स्वस्त आहे. सोल्डरिंग येत असेल तर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि मध्ये एक शॉट्की डायोड, की वर्ष निघालं. इलेक्ट्रोला हा त्रास नाही. त्याचा मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पण आजचे ६ व्होल्ट तो बिनतक्रार पचवतो. तेवढं श्रेय त्याला.

(सेलच नको म्हणून १९६१ चा पहिला कॅनोनेट सुचवणारे भेटतात. त्यात सेलेनियमची पट्टी, उजेडावरच चालते. साठ वर्षांनी त्यातल्या किती पट्ट्या जिवंत आहेत ते विकणाऱ्यालाच विचारा.)

आता मोठ्या लोकांकडे वळू. ज्यांना लेन्स बदलायची आहे आणि ज्यांच्या खिशात बोनस आहे ते.

लायकाच्या लेन्स चालणारा पहिला ऑटो कॅमेरा लायकानं केला नाही. मिनोल्टानं १९८० च्या सुमारास सीएलई काढला, चिमुकला, फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड मोजणारा. लायकाला तिथे पोचायला २००२ उजाडलं. मध्ये १९९९ ला कोनिकाची हेक्सार आरएफ, नंतर कोसिनाच्या कारखान्यातून फोक्टलेंडर बेसाची आर२ए आणि मंडळी २००४ ला, झाइस इकॉन २००५ ला. यातल्या झाइसचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला की खाली ठेववत नाही. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मोठेपण हा आकडा झाइसचा ५५ मिमीच्या आसपास, लायका एम७ चा ५०, बेसा आर२ए चा जेमतेम २६. कागदावर झाइस सगळ्यांचा बाप आहे.

आणि सेल काढला की सीएलई, हेक्सार, बेसा आर२ए, झाइस, चारही पेपरवेट. एकसुद्धा वेग चालत नाही. बोंब मारून मरतात एवढं खरं, म्हणजे अर्धे मार्क. पण उरतं काय? शून्य. सेल बदलून भागलं तर ठीक, सर्किट गेलं तर? सुरुवातीच्या इलेक्ट्रोत निदान सुटे ट्रान्झिस्टर आहेत, हिंमत असेल तर हात घालता येतो. सीएलईत लवचिक पट्टीवर त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली सर्किटं आहेत. ती आणायची कुठून? कोनिका आणि मिनोल्टा २००३ मध्ये एक झाल्या आणि २००६ मध्ये कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडल्या. झाइस इकॉन २०१२ ला बंद, बेसा २०१५ ला.

मला राग येतो तो ह्याचा की हे टाळता येत होतं. कोसिनानं २००६ मध्ये आर२एम आणि आर३एम काढले, त्याच बेसाचे मेकॅनिकल अवतार, सेलशिवाय सगळे वेग. फक्त ऑटो काढून घेतलं! म्हणजे ऑटो हवं तर भरवसा सोड, भरवसा हवा तर ऑटो सोड. दोन्ही एकत्र जमतच नव्हतं असं कुणी सांगायला येऊ नका, कारण २००१ मध्ये निकॉननं एफएम३ए काढून दाखवला होता. ऑटोवर इलेक्ट्रॉनिक शटर, हातानं लावलं तर तेच शटर पूर्ण मेकॅनिकल, १ सेकंदापासून १/४००० पर्यंत. तो रेंजफाइंडर नाही, आरशाचा कॅमेरा आहे, आणि २००६ ला तोही बंद झाला. पण उत्तरपत्रिका फळ्यावर लिहून ठेवलेली असताना रेंजफाइंडरवाल्यांनी नक्कलसुद्धा केली नाही, ह्याला काय म्हणायचं?

त्यातल्या त्यात लायका एम७ नं निम्मी नक्कल केली. सेल मेल्यावर त्यात दोन वेग चालतात, १/६० आणि १/१२५. हसू नका. दोन वेग आणि अ‍ॅपर्चरची रिंग एवढ्यावर आख्खं लग्न काढता येतं. म्हणून लेन्स बदलायचीच असेल आणि पैसे असतील तर माझं मत एम७ ला, जर्मन आहे म्हणून नव्हे, त्या दोन वेगांसाठी. पण २०१८ ला तोही बंद झाला, आणि आज लायका फिल्मचे जे रेंजफाइंडर नवे विकते त्यांत, एमपी, एम-ए आणि २०२२ ला परत आणलेला एम६, एकातही ऑटो नाही. इतके पैसे मोजून मंत्र पुन्हा आपणच म्हणायचा.

"पण माझा सीएलई चाळीस वर्षं चालतोय" असं सांगणारे आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. बरेच चालतायत. १९७९ चा ऑलिम्पस एक्सए, योशिहिसा मायतानींचं डिझाइन, पूर्ण इलेक्ट्रॉनिक आणि तरी हजारो अजून टिकून आहेत. माझं म्हणणं ते उद्या मरतील असं नाही. म्हणणं एवढंच की मेले तर तिथे रस्ता संपतो. मुंबईत फोर्टात एका जिन्याखाली बसणारे दुरुस्तीवाले काका आहेत, डोळ्याला भिंग, पुढ्यात बशीत सुटे स्क्रू. त्यांच्यापुढे एकदा मी दोन कॅमेरे ठेवले, एक कॅनोनेटच्या जातीचा आणि एक इलेक्ट्रॉनिक. पहिला उघडूनही न बघता म्हणाले, "हे घड्याळ आहे, होईल." दुसरा सरकवून परत दिला. "हा कॅलक्युलेटर. कॅलक्युलेटर दुरुस्त करताना बघितलंय कुणाला?"

आता घ्यायला जाल तेव्हा. वजन बघू नका (बघणारच, माहीत आहे). आधी सेल काढायला लावा आणि सेलशिवाय सगळे वेग वाजवून बघा. मग मागचं झाकण उघडून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, उजेडाकडे धरा आणि सगळ्यात संथ वेगावर शटर चार वेळा मारा. ह्या कॅमेऱ्यांचा खरा रोग म्हणजे जुनं तेल पसरून शटरच्या पाकळ्या चिकटणं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते तेल आणखी पातळ होतं. चिकटलेल्या पाकळ्या डोळ्यांना दिसतात, साफही होतात, फक्त त्या हिशेबानं किंमत पाडून घ्या. मग सेल घालून एकदा खिडकीकडे, एकदा टेबलाखाली रोखा. काटा हलला पाहिजे. झाकणाच्या कडेचा फोम चिकट काळा झालेला असणारच, तो घरी बदलता येतो. रेंजफाइंडरचा मधला ठिपका फिका असेल तर मात्र विचार करा, संध्याकाळी तो दिसेनासा होतो.

लेन्समधून टॉर्च मारून बघायला विसरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते, आणि तिनं काच खाल्ली असली तर काकाही काही करू शकत नाहीत. बहुतेक वेळा कॅमेऱ्याबरोबर मूळची कातडी केस मिळते, विकणारा ती मोठ्या कौतुकानं दाखवतो. घ्या, आभार माना, आणि कॅमेरा त्यात अजिबात ठेवू नका. कातडं पावसाळाभर ओल धरून बसतं. पोहे भरायचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या पुरतात. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून घ्यायच्या.